एस्टविंगचा निळ्या मुठीचा हातोडा: गोव्यातल्या पेग्मटाइटसाठी घ्यावा का?

आधी निकाल सांगून टाकू. एस्टविंगचा ई३-२२पी, म्हणजे एका बाजूला चौकोनी तोंड आणि दुसऱ्या बाजूला टोकदार चोच असलेला निळ्या मुठीचा हातोडा, घेण्यासारखा आहे. मात्र बंद पडलेल्या खाणीत पेग्मटाइटमधली, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटसारख्या खडकातली, खनिजं गोळा करायला हा एकटा पुरेल, अशा समजुतीत कोणी राहू नये. जड फोडाफोड सुतकी, म्हणजे दगडफोड्यांचा जड हातोडा, आणि छिन्नी करते, बारीक वेचणी खुरपं आणि चाळण करते. या दोहोंच्या मधलं काम या हातोड्याचं. तेवढं काम तो फार चोख करतो. पैसे टाकायचे ते तेवढ्यासाठी.

कंपनी अमेरिकेतली, इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डची, १९२३ पासूनची. हातोड्याच्या डोक्याचं वजन २२ औंस, म्हणजे साधारण ६२४ ग्रॅम; लांबी १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटर. डोकं आणि दांडा पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवलेले असतात, जोड कुठेच नाही. गोव्यात राहणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. लाकडी दांड्याचा गवंडी-हातोडा पावसाळ्यात फुगतो, मार्च-एप्रिलमध्ये आटतो, आणि मग ऐन घावाला डोकं निसटून उडतं. दांडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला की डोकं घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण लाकूड सुकलं की पुन्हा तेच. पाचर ठोकली तरी एक-दोन मोसम. एकसंध पोलादात ही कटकट मुळातच नाही.

मूठ दोन प्रकारची मिळते. निळी कृत्रिम मूठ असलेला हा ई३ आणि चामड्याच्या चकत्या ओवून लाखेने चकचकीत केलेला ई३०. दुसरा दिसायला देखणा, हातातही छान बसतो. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, तिथे या चकत्यांची काय कथा? लाख निघाली की चामडं ओल पितं, चकत्या फुगतात, वास येतो. कोरड्या हवेच्या गावात राहणाऱ्याने खुशाल घ्यावा. काणकोण, केपे, सत्तरीत राहणाऱ्याने निळी मूठच घ्यावी. हातोड्याची म्यान घेतानाही हाच नियम: चामड्याची नको, नायलॉनची घ्या.

चोचीचा आकारही पाहून घ्यावा. याच धर्तीच्या हातोड्यांत काहींना टोकाऐवजी छिन्नीसारखी आडवी धार असते. ती थराथराच्या खडकासाठी. डिचोली-साखळीकडच्या फायलाइटमध्ये, म्हणजे पाटीसारख्या थरांच्या खडकात, थर उलगडायचे असतील तर आडवी धार उपयोगी. पेग्मटाइटला थर नसतात. तिथे फटीत शिरायला, सैल स्फटिकाच्या मागची माती उकरायला, दोन ढेकळं वेगळी करायला टोकच लागतं.

आता घाव. २२ औंसाचा तोल असा आहे की मनगटाच्या जोरावर घाव नेमका पडतो. मुठीएवढा दगड तळहाताएवढ्या सपाटीवर ठेवून छाटायला याहून बरं साधन नाही. नमुन्याची कड नीट करणं, नको असलेला फेल्डस्पार उडवणं, ताजा पृष्ठभाग काढून रंग बघणं, ही याची खरी कामं. घागरीएवढा ग्रॅनाइटचा धोंडा मात्र याच्याने फुटत नाही. घाव उसळून परत येतो, तासाभराने कोपर बोलू लागतं, आणि दगडावर पांढऱ्या ठिपक्यांपलीकडे काही होत नाही. पोलाद एकसंध असल्यामुळे हादरा थेट हातात येतो. निळी मूठ तो कमी करते, नाहीसा करत नाही. ज्यांची मनगटं आधीच दुखरी आहेत त्यांनी १४ औंसाचा छोटा ई३-१४पी बघावा. साडेसोळा इंची लांब दांड्याचा ई३-२३एलपी जोर जास्त देतो खरा, पण अरुंद खाचेत फिरवायला अडचण होते.

एक गोष्ट ठळक लिहायला हवी: या हातोड्याची चोच दगडावर टेकवून तिच्या पाठीवर दुसऱ्या हातोड्याने मारायचं नाही. कधीच नाही. दोन्ही तोंडं कडक पाणी दिलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केलेली असतात. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कडेचा तुकडा गोळीसारखा सुटतो आणि तो कुठे जाईल याचा नेम नसतो. छिन्नीचं डोकं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणून मारायचं ते छिन्नीवर. त्या मऊ डोक्याची कड कालांतराने फुलून कळीसारखी उलटते. तीही घासून काढावी लागते, नाहीतर तेच तुकडे उडतात.

छिन्नीवर मारायला एस्टविंगची गरज नाही. सव्वा ते दीड किलोची, आखूड दांड्याची सुतकी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि ती पुरते. छिन्न्या तीन: एक इंच रुंद चपटी, अर्धा इंच चपटी, आणि एक टोकदार. लांबी २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे हात घावापासून दूर राहतो. लोहाराकडून करून घेणार असाल तर बांधकामाच्या सळईची नको; ती मऊ असते, चार घावांत टोक वाकतं. गाडीच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादाची मागा, आणि पाणी फक्त टोकाच्या दोन-अडीच सेंटिमीटरना द्यायला सांगा. छिन्नीला सबंध पाणी दिलं की डोकंही ठिसूळ होतं. पाऊण मीटरची एक पहार सोबत असली की दगड उलटायला हातोड्याची मान पिळावी लागत नाही.

गोव्याचा खडक आणि हातोड्याचं काम

पेग्मटाइट म्हणजे ग्रॅनाइटच्याच कुळातला, पण मोठमोठ्या स्फटिकांचा खडक. ग्रॅनाइटचा रस थिजत आला की शेवटी जे पाण्याने आणि वायूने भरलेलं द्रव्य उरतं, ते भेगांत शिरतं. त्यात स्फटिकांना वाढायला वाव मिळतो, म्हणून ते सेंटिमीटरपासून थेट मीटरपर्यंत जातात. मुख्य मंडळी तीनच: फेल्डस्पार, क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आणि अभ्रक. त्यांच्यासोबत काळी तुरमली, तामडा म्हणजे गार्नेट, कधी बेरिल, म्हणजे पाचूच्या कुळातलं खनिज. व्यापारी अभ्रकाच्या मोठ्या खाणी झारखंडात कोडर्मा, राजस्थानात भिलवाडा आणि आंध्रात नेल्लोर पट्ट्यात. गोव्यात त्या तोडीचं काही शोधू नये. आपल्याकडे पेग्मटाइट भेटतो तो शिरांच्या रूपात, दक्षिणेकडे काणकोणच्या ग्रॅनाइटात आणि आसपासच्या नीसमध्ये, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या खडकात. काणकोणचा हा ग्रॅनाइट मुळातच पोटॅशियम फेल्डस्पारच्या मोठ्या स्फटिकांचा. पाळोळेच्या किनाऱ्यावरच्या खडकांत ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यामुळे नवा माणूस ग्रॅनाइटालाच पेग्मटाइट समजतो. फरक असा: ग्रॅनाइटात मोठे फेल्डस्पार बारीक दाण्यांच्या पिठात विखुरलेले असतात, पेग्मटाइटात सगळेच दाणे मोठे असतात आणि शिरेची कड बऱ्याचदा स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातून इकडे आलेल्या संग्राहकांना आणखी एक सवय मोडावी लागते. पुणे, नाशिक, जळगावकडचं झिओलाइट हे स्फटिकी खनिज बेसाल्टच्या पोकळीत असतं. पोकळी सापडली की तिच्याभोवतीचा सबंध ठोकळा काढायचा, एवढंच. पेग्मटाइटात स्फटिक बहुतेक वेळा पोकळीत मोकळे उभे नसतात, घट्ट क्वार्ट्झमध्ये किंवा फेल्डस्पारमध्ये रुतलेले असतात. पोकळी असलीच तर तिच्यात माती भरलेली. तेव्हा पोकळीसाठी वापरायचा घाव इथे वापरला की तुरमलीचे चार तुकडे हातात येतात.

गोव्याचं पाऊसमान वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर. या पाण्याने वरच्या काही मीटरांतला फेल्डस्पार कुजून पांढऱ्या चिनी मातीत बदलतो. क्वार्ट्झ, तुरमली, पांढरं अभ्रक मात्र टिकतं. म्हणजे जी शीर खोलात पोलादासारखी कडक, तीच वरच्या अंगाला खुरप्याने उकरता येते आणि तिच्यातले स्फटिक अख्खे सुटे होतात. इथे हातोडा म्यानात ठेवावा. उकरून काढलेली पांढरी माती ६ मिलिमीटरच्या आणि त्याखाली २ मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्याने धुवायची. रेती चाळायची जाळी कापून लाकडी चौकटीत ठोकली की काम भागतं. वरच्या चाळणीत गारगोटी आणि तुरमलीच्या कांड्या, खालच्या चाळणीत असलाच तर तामडा. अभ्रकाचे पापुद्रे हलके म्हणून पाण्यावर तरंगल्यासारखे निघून जातात. ते हवे असतील तर पाणी हळू सोडा.

बंद खाणीत भिंतीपेक्षा डंप, म्हणजे टाकाऊ दगडांचा ढीग, बघा. दगड काढणाऱ्यांना खडी किंवा फेल्डस्पार हवा होता. तुरमली, तामडा, वाकडं-तिकडं अभ्रक त्यांनी टाकून दिलं, आणि ते ढिगात पडून आहे. डंपावर जायची वेळ सकाळची, ऊन तिरपं असताना. तिरप्या उन्हात स्फटिकाचे पैलू लुकलुकतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळा ढीग एकाच रंगाचा दिसतो. झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली जवळ असावी, कारण धुळीने माखलेली तुरमली आणि काळा ग्रॅनाइट कोरडे असताना सारखेच दिसतात. पाऊस थांबल्यानंतरचा ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ सर्वांत चांगला: ढीग धुऊन निघालेला असतो, गवत फार वाढलेलं नसतं, ऊनही सोसवतं.

भिंतीत शीर दिसलीच तर आधी तिचा क्रम वाचा. कडेला बारीक दाणे, मग अभ्रकाची पुस्तकं, म्हणजे पानांचे गठ्ठे, आणि फेल्डस्पार, मधोमध बहुधा क्वार्ट्झचा गाभा. मोठे आणि वेगळे स्फटिक मिळायची शक्यता गाभ्याच्या काठावर सर्वांत जास्त. गाभ्याच्या निव्वळ पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये घण घालत बसणं म्हणजे दिवस वाया. फेल्डस्पारच्या ताज्या तुकड्यावर क्वार्ट्झची कोरीव अक्षरांसारखी नक्षी दिसली तर तो ग्राफिक ग्रॅनाइट. तो नमुना म्हणून छान आहे, पण त्याच्या पोटात सहसा मोठं काही लपलेलं नसतं.

स्फटिक काढायचा कसा

समजा गारगोटीत करंगळीएवढी तुरमलीची कांडी अर्धी बाहेर दिसते आहे. तुरमली कठीण, मोह्सच्या कठिणतेच्या १ ते १० या मोजणीत ७ ते साडेसात, पण ठिसूळ. आडव्या चिरा तिच्यात आधीच असतात. पहिलं काम म्हणजे दिसणाऱ्या भागावर पातळ चिकटपट्टी गुंडाळणं. तुकडे पडलेच तरी जागच्या जागी राहतात. मग कांडीपासून किमान तिच्या लांबीइतक्या अंतरावर अर्ध्या इंचाच्या छिन्नीने खाच पाडायला सुरुवात करा. छिन्नीचं टोक नेहमी स्फटिकापासून दूर जाणाऱ्या दिशेने, साठेक अंशांत तिरपं. एका जागी दहा घाव घालण्यापेक्षा चहूबाजूंनी फिरत एकेक घाव घाला. तडा आपल्याला हवा तिथून जावा म्हणून खाच आधी पूर्ण वर्तुळात आणायची, खोली नंतर. आवाज ऐका: खणखणीत येतो तोवर दगड अखंड आहे, भद्द आला की आत तडा गेला. भद्द आवाज आल्यावर मारणं थांबवायचं आणि फटीत रुंद छिन्नी सरकवून हलकेच उचकायचं. बहुतेक नासधूस इथेच होते. माणसाला वाटतं अजून दोन घाव घालू.

ठोकळा सुटला की एस्टविंगची पाळी. मांडीवर नव्हे, वाळूच्या गोणीवर ठेवून चौकोनी तोंडाच्या कोपऱ्याने बाहेरचा दगड थोडा थोडा उडवायचा. सगळा दगड काढून कांडी मोकळी करायचा मोह आवरा. मूळ दगडात बसलेल्या स्फटिकाला सुट्या कांडीपेक्षा अभ्यासाच्या दृष्टीने जास्त किंमत आहे. कांडी तुटलीच तर जोडायला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकसारखा गोंद चालतो. पण आपल्या दमट हवेत त्याच्या सांध्याभोवती पांढरी धूसर झाक येते. थेंब अगदी लहान घ्या, आणि काम पावसाळ्यात करू नका.

अभ्रकाच्या पुस्तकाला हातोडा लावूच नये. कडेने पातळ सुरी सरकवून पानं न उलगडता सबंध पुस्तक उचला, वर्तमानपत्रात सपाट बांधा. गुंडाळी केली की पानं वाकतात आणि ती वाक पुन्हा जात नाही. फेल्डस्पारचं तंत्र उलटं: त्याला जवळजवळ काटकोनात दोन सपाट फुटी असतात, त्या दिशा ओळखून छिन्नी समांतर धरली तर एका घावात आरशासारखा पृष्ठभाग निघतो.

ओळखताना घोटाळे ठरलेले आहेत. काळी तुरमली म्हणून सर्वांत जास्त काय घरी येतं? हॉर्नब्लेंड हे दुसरंच काळं खनिज. आणि खनिज वाहतुकीच्या रस्त्यांच्या कडेला तर मँगनीजचे आणि लोहखनिजाचे खडेही. तुरमलीच्या कांडीवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात, आडवा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा, आणि ती कोळशासारखी वेडीवाकडी फुटते. हॉर्नब्लेंड दोन सपाट दिशांनी फुटतो. न्हाणीघरातल्या फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासून बघा: हेमाटाइट तांबडी-तपकिरी रेघ ओढतो, मॅग्नेटाइट आणि मँगनीज काळी; तुरमली रंगीत रेघ ओढत नाही, फरशीलाच ओरखडा पाडते. हिरवट षटकोनी कांडी मिळाली आणि मन बेरिलकडे धावलं, तर आधी चाकू लावा. अ‍ॅपेटाइटही षटकोनी असतो, पण त्याची कठिणता ५, चाकूने ओरखडतो. बेरिलची साडेसात ते ८, तो गारगोटीवर ओरखडा पाडतो. गोव्यात बेरिलची आशा धरून निघू नये. चाचणी माहीत असली म्हणजे झालं. या सगळ्याला १० पटीचं तीन काचांचं भिंग हवं. मिन्स्कचं बेलोमो चांगलं. स्वस्त भिंगांवर छापलेल्या ‘३० पट’ या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

गंज, डाग आणि साफसफाई

हातोड्याच्या बाबतीत गोव्यात पटकन नडणारी गोष्ट म्हणजे गंज. पोलाद स्टेनलेस नाही. नवा असताना अंगावर पातळ लेप असतो. तो तोंडावरून आणि चोचीवरून पहिल्या काही दिवसांच्या वापरातच उडतो. खाऱ्या हवेत, ओल्या पिशवीत एक रात्र राहिला की तांबूस पापुद्रा चढतो. तो गंज वरवरचा असतो, हातोड्याच्या कामात त्याने फरक पडत नाही, पण हलक्या रंगाच्या खनिजावर घाव पडला की डाग उतरतो. उपाय साधा: घरी आल्यावर धुवून, पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवायचा. खोबरेल नको, काही दिवसांत ते चिकट होऊन धूळ धरतं. चोच बोथट झाली तर हाताच्या कानशीने धार लावा. ग्राइंडरवर धरली की टोक तापून निळं पडतं, पाणी उतरतं आणि मग ते मऊच राहतं.

नमुन्यांवरचा तांबडा थर हा जांभ्याच्या प्रदेशाचा शाप. ब्रशने निघत नाही. त्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल: एक लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बादलीत, उघड्यावर, रबरी हातमोजे घालून. हे विषारी आहे. स्वयंपाकघरातलं भांडं, मुलं, मांजर सगळं लांब. उकळायचं नाही, वाफ घशाला बाधते. नमुने एक ते तीन दिवस बुडवून ठेवायचे, मग तेवढेच दिवस रोज पाणी बदलत साध्या पाण्यात. घाई केली तर पिवळट थर बसतो. नळाचं किंवा विहिरीचं पाणी जड असेल तर पांढरा साका धरतो. म्हणून पावसाचं धरून ठेवलेलं पाणी उत्तम, आणि ते आपल्याकडे फुकट. वापरलेल्या द्रावात बुडबुडे थांबेपर्यंत खायचा सोडा टाका, मगच फेका. क्वार्ट्झ, तुरमली, फेल्डस्पार याला दाद देतात. अभ्रकाच्या पानांत शिरलेला पिवळा डाग सहसा निघत नाही. अ‍ॅपेटाइट आणि कॅल्साइट यात घालूच नका.

परवानगी, पाणी, साप

बंद खाण म्हणजे मालक नसलेली खाण नव्हे. जमीन खासगी असेल, कोमुनिदादची म्हणजे गावकीची असेल, सरकारी किंवा वनखात्याची असेल. आधी कोणाची ते विचारा आणि परवानगी शक्यतो लेखी घ्या. खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई यांसारख्या अभयारण्यांत दगड उचलायचा विचारही नको. खनिजांचा कायदाही अलीकडे बदलला आहे. अभ्रक, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार २०१५ पासून गौण खनिजांत होते. केंद्राने २० फेब्रुवारी २०२५ च्या अधिसूचनेने ती बराइटसह पुन्हा प्रमुख खनिजांत घेतली, कारण पेग्मटाइटमध्ये त्यांच्यासोबत लिथियम, बेरिलियम, नायोबियम, टँटलम यांची खनिजं असू शकतात. संग्रहासाठी चार हातनमुने आणि गोण्या भरून विक्री या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरीच्या वाटेला जाऊ नका. शंका असेल तर पणजीच्या खाण आणि भूगर्भशास्त्र संचालनालयात विचारा.

पावसाचं पाणी साचलेल्या खाणीत काठावरून खोली कळत नाही, आणि उभ्या कापलेल्या भिंतीमुळे पडलेल्या माणसाला बाहेर यायला धरायला काही नसतं. काठापासून लांब राहा, पाण्यात धुवायला उतरू नका, धुवायचं पाणी कॅनमध्ये घरून न्या. भिंतीच्या वरच्या अंगाला जांभा किंवा माती असेल तर पावसानंतर काही आठवडे ती भिंत टाळा. लोंबत्या कडेखाली तर कोणत्याच ऋतूत उभं राहू नका. एकट्याने जाऊ नका.

दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्या दिशेने उचला, म्हणजे खाली जे काही असेल त्याला पलीकडे पळायला वाट मिळते. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत, विंचू तर आहेतच. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अवयव स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. काणकोणच्या आतल्या भागात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून कुठे जातोय ते घरी सांगून निघा.

चष्मा इथे हातोड्याइतकाच महत्त्वाचा. साधा नंबरचा चष्मा चालत नाही. ईएन १६६ किंवा झेड८७.१ हे सुरक्षा-मानक छापलेला, बाजूंनी झाकलेला घ्या. क्वार्ट्झची कपची काचेसारखीच धारदार असते. शिरस्त्राण आयएस २९२५ या भारतीय मानकाचं. कोरड्या क्वार्ट्झवर छिन्नी चालवताना उडणारी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, म्हणून एफएफपी२ मास्क, आणि दर थोड्या वेळाने खाचेवर पाणी.

घेताना

हातोडा भारतात आयात होऊन येतो, त्यामुळे किंमत विक्रेत्यागणिक बरीच बदलते आणि देशी गवंडी-हातोड्याच्या कितीतरी पट पडते. नुसती आवड म्हणून वर्षातून एकदा डंपावर जाणाऱ्याने सुतकी, तीन छिन्न्या, चष्मा आणि भिंग आधी घ्यावं, हातोडा शेवटी. नियमित जाणाऱ्याने, भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी घ्यावा, कारण तो वर्षानुवर्षं टिकतो. पार्सल उघडल्यावर तीन गोष्टी बघा: कंपनीचं नाव पोलादात उमटवलेलं आहे ना, मूठ पिळून हलत नाही ना, आणि डोकं व दांडा यांच्यामध्ये कुठेही जोडाची किंवा वेल्डिंगची रेघ नाही ना. रेघ दिसली तर तो हा हातोडा नव्हे, परत पाठवा. म्यान बहुधा वेगळी विकत घ्यावी लागते. विमानाने येणार-जाणार असाल तर हातोडा आणि छिन्न्या चेक-इन सामानातच टाका. दाबोळीला किंवा मोपाला, केबिनच्या पिशवीतून त्या जाणार नाहीत.